फारकतीनंतरचे उड्डाण

मुंबईच्या विमानतळावर काचेच्या भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या एखाद्या भारतीय विमानाकडे थोडे निरखून पाहिले, तर त्याच्या मागच्या भागावर, खिडक्यांची रांग संपते त्याच्या आसपास, रोमन लिपीतील पाच ठळक अक्षरे रंगवलेली दिसतात. विमान कोणत्याही कंपनीचे असो, लहान असो वा मोठे, त्यांतील पहिली दोन अक्षरे ‘व्हीटी’ हीच असतात. पुढची तीन तेवढी त्या त्या विमानाची स्वतःची. प्रवाशाला ही अक्षरे मोटारीच्या नंबराप्रमाणे केवळ ओळखखूण वाटतात. वस्तुतः त्यांचा अर्थ त्याहून पुष्कळ गंभीर आहे. ज्या राष्ट्राची ती अक्षरे, त्या राष्ट्राने या यंत्राची उड्डाणयोग्यता तपासलेली आहे, त्याच्या देखभालीवर त्याची नजर आहे आणि ते चालवणाऱ्या माणसांच्या योग्यतेला ते स्वतः जामीन राहिले आहे, अशी लेखी हमीच त्या अक्षरांमागे उभी असते. आणि या हमीच्या भरवशावरच दुसरे राष्ट्र त्या विमानाला आपल्या शहरांवरून उडू देते.

आता ही हमी देणारी राज्यव्यवस्थाच बदलली तर काय होते, हा प्रश्न आपल्या देशाला अपरिचित नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाच्या थैल्या घेऊन एक छोटेसे पस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरवले, तेव्हा त्यावर ‘व्हीटी-एडीएन’ ही अक्षरे होती आणि कराची व जुहू ही दोन्ही ठिकाणे एकाच अंमलाखाली होती. पंधरा वर्षांनी त्या मार्गाच्या मध्ये सरहद्द आली. खजिन्याची वाटणी झाली, फौजेची झाली, सरकारी दप्तरांचीही झाली. परंतु विमानविषयक १९३४ चा कायदा आणि त्याखालचे १९३७ चे नियम मात्र उभयपक्षी तसेच राहिले, कारण प्रचलित कायदे आवश्यक त्या फेरफारांसह दोन्ही अधिराज्यांत पुढे चालू राहतील, अशी तरतूद भारतीय स्वातंत्र्याच्या १९४७ च्या कायद्यातील अठराव्या कलमात केलेली होती. पाकिस्तानच्या विमानांना ‘एपी’ ही अक्षरे मिळाली, भारताने ‘व्हीटी’ कायम ठेवली, आणि एरवी ज्या दोन राष्ट्रांत कशावरच एकमत होईना, त्यांचे तपासनीस काही वर्षे एकाच मजकुराच्या नियमांनी विमाने तपासत राहिले. पाकिस्तानने १९६० मध्ये स्वतंत्र वटहुकूम काढला. भारताने तो जुना कायदा वेळोवेळी सुधारून २०२४ पर्यंत चालवला.

राजकीय फारकत आणि विमानाची सुरक्षितता यांचा हा संबंध आपल्या काळात पुन्हा एकदा, आणि फार मोठ्या प्रमाणावर, कसोटीला लागला तो ब्रिटनने युरोपीय महासंघ सोडला तेव्हा. २३ जून २०१६ रोजी जनमताचा कौल झाला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन महासंघातून विधिपूर्वक बाहेर पडले. आणि त्यानंतरची अकरा महिन्यांची संक्रमणाची मुदत ३१ डिसेंबर २०२० रोजी, लंडनच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजता, म्हणजे ब्रसेल्सच्या मध्यरात्री संपली. त्या रात्रीपर्यंत ब्रिटनमधील जवळजवळ प्रत्येक विमानाची उड्डाणयोग्यता, प्रत्येक वैमानिकाचा परवाना आणि प्रत्येक दुरुस्ती-कारखान्याची मंजुरी युरोपीय कायद्यावर उभी होती. पहाटे त्याच धावपट्टीवरून तेच विमान उडायचे होते. ते निर्धोकपणे उडावे यासाठी काय करावे लागले, काय साधले आणि काय निसटले, याची हकीकत केवळ ब्रिटनपुरती महत्त्वाची नाही. सुरक्षितता ही वस्तूच मुळात कशाची बनलेली असते, हे तिच्यावरून चांगले उमगते.

विमानाची सुरक्षितता ही दाखल्यांची एक लांबलचक साखळी आहे. प्रथम विमानाच्या आराखड्याची परीक्षा होते आणि तो निर्दोष ठरला की त्या नमुन्याला प्रमाणपत्र मिळते. मग त्या नमुन्याबरहुकूम विमाने बनवणाऱ्या कारखान्याला मंजुरी मिळते. प्रत्येक तयार विमानाला उड्डाणयोग्यतेचे स्वतंत्र प्रमाणपत्र मिळते. दुरुस्ती करणारी संस्था, तेथील इंजिनीअर, वैमानिक, विमान चालवणारी कंपनी, या प्रत्येकाची वेगळी सनद असते. यांतली एक कडी जरी तुटली तरी विमान जमिनीवरून हलत नाही. या साऱ्या व्यवस्थेचा मूळ पाया ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे ५२ राष्ट्रांनी सही केलेल्या करारात आहे. प्रत्येक राष्ट्र आपल्या मुलखावरील आकाशाचे संपूर्ण स्वामी आहे, हे त्या कराराचे पहिलेच कलम सांगते; परंतु विमान ज्या राष्ट्राच्या नोंदवहीत आहे त्या राष्ट्राने दिलेले उड्डाणयोग्यतेचे दाखले आणि त्यावरील वैमानिकांचे परवाने, किमान मानदंड पाळलेले असल्यास, इतरांनी ग्राह्य मानावेत, असे तेहेतिसावे कलम लगेच बजावते. स्वामित्व आणि परस्परविश्वास या दोन खांबांवर हे सारे छत तोललेले आहे.

ही साखळी प्रत्यक्षात किती बारीक कड्यांची असते, ते पाहावयाचे असेल तर रात्रीच्या वेळी एखाद्या देखभालगृहात जाऊन उभे राहावे. चाकांच्या ब्रेकला तेलाचा दाब पुरवणारी एक झडप बदलायची आहे. कोठारातून नवी झडप येते ती बंद पिशवीत, आणि तिच्यासोबत एक कागद असतो. इंजिनीअर प्रथम झडप हाती घेत नाही, कागद घेतो. त्या कागदावर चौदा रकाने असतात. सुट्या भागाचे नाव, त्याचा क्रमांक, त्याचा अनुक्रमांक, तो नवा आहे की दुरुस्त केलेला, त्यावर कोणते काम झाले, आणि शेवटी ते काम मंजूर करणाऱ्या माणसाची सही व तारीख. परंतु अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यातील पहिला रकाना या सर्वांच्या आधी वाचायचा असतो. त्यात ही झडप कोणत्या सत्तेच्या अधिकाराखाली प्रमाणित झाली, त्या सत्तेचे नाव असते. झडपेचे पोलाद, तिच्यावरील क्रमांक आणि इंजिनीअरच्या हातातील पाना हे सर्व ३१ डिसेंबरला होते तसेच १ जानेवारीला होते. पहिल्या रकान्याचा अर्थ मात्र बदलला. ब्रिटिश कारखान्याने त्या मध्यरात्रीपूर्वी युरोपीय कागदावर प्रमाणित केलेली झडप युरोपात चालणार होती. त्यानंतर तेथेच, त्याच माणसाने, त्याच यंत्रावर बनवलेल्या दुसऱ्या झडपेवर ब्रिटनच्या नव्या सत्तेचा कागद लागणार होता, आणि तो कागद इतरांनी कोणत्या अटींवर मानावा, हे करारानेच ठरायचे होते.

मुळात युरोपातील राष्ट्रांनी ही सत्ता एकत्र का केली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९५० च्या दशकात ब्रिटनने जगातील पहिले जेट प्रवासी विमान, कॉमेट, सेवेत आणले. २ मे १९५३ रोजी कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून निघालेले एक कॉमेट वादळात सापडून हवेतच मोडले आणि ४३ जण मृत्युमुखी पडले; पुढच्या जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ आणखी दोन कॉमेट समुद्रात कोसळली. तेव्हा ब्रिटनने या विमानाचे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र काढून घेतले, फार्नबरो येथे विमानाचा संपूर्ण सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर हजारो उड्डाणांइतका दाब पुनःपुन्हा दिला, आणि वारंवारच्या दाबाने धातू कसा थकतो व खिडकीच्या कोपऱ्याशी कसा फाटतो, हे जगाला दाखवून दिले. विमानाच्या नियमपुस्तकातील पुष्कळशी कलमे अशी माणसांच्या मृत्यूंतून लिहिली गेली आहेत, आणि म्हणूनच ती एका देशाच्या मालकीची राहू शकत नाहीत.

तरीही प्रत्येक देश आपापले पुस्तक वेगळे ठेवी. एकच विमान फ्रान्समध्ये विकायचे तर एक फेरफार, जर्मनीत विकायचे तर दुसरा, असा शिरस्ता होता. १९७० पासून युरोपातील विमानखात्यांनी एकत्र बसून सामायिक नियम रचण्यास आरंभ केला. पण त्या मंडळाला कायद्याचे अधिष्ठान नव्हते. नियम सर्वांचा असला तरी सही ज्याच्या त्याच्या देशाचीच लागे. ती उणीव भरून काढण्यासाठी महासंघाने २००२ मध्ये कायदा करून युरोपीय विमानसुरक्षा संस्था स्थापन केली. ‘इआसा’ या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. २००३ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ती ऱ्हाइनकाठच्या कोलोन शहरी स्थिरावली. नव्या विमानांच्या आराखड्यांची परीक्षा तिच्याकडे गेली. परवाने देणे, कंपन्या व कारखाने तपासणे ही कामे सामायिक नियमांनुसार त्या त्या देशाच्या खात्याकडे राहिली. १९७२ पासून कार्यरत असलेले ब्रिटनचे नागरी विमानवाहतूक प्राधिकरण, म्हणजे सीएए, हे या घरातील एक वडीलधारे आणि अनुभवी माणूस होते. नव्या संस्थेचे नियम रचण्यात ब्रिटिश तज्ज्ञांचा हात मोठा होता. परंतु आराखड्याच्या परीक्षेचे काम कोलोनला गेल्यावर, ते काम स्वतःच्या जबाबदारीवर करण्याची सवय लंडनमध्ये सतरा वर्षे खंडित झाली, आणि याची किंमत पुढे मोजावी लागली.

जनमताच्या कौलानंतर या संस्थेत सहयोगी म्हणून राहता येईल काय, याचा विचार ब्रिटनमध्ये गंभीरपणे झाला. पंतप्रधान थेरेसा मे यांनी २ मार्च २०१८ रोजी मॅन्शन हाउस येथील भाषणात, औषधे आणि रसायने यांच्या युरोपीय संस्थांसोबत विमानसुरक्षा संस्थेचेही नाव घेऊन, तिच्यात राहण्याची इच्छा जाहीरपणे बोलून दाखवली. त्याला आधारही होता. नॉर्वे, आइसलँड, लिक्टनस्टाइन आणि स्वित्झर्लंड ही महासंघाबाहेरची राष्ट्रे त्या संस्थेत आहेतच. मात्र तेथे राहायचे म्हणजे महासंघाचे नियम आपल्या मताविना स्वीकारायचे आणि त्यांचा अर्थ लावण्याचा अखेरचा अधिकार युरोपीय न्यायालयाकडे ठेवायचा. ज्या फारकतीचे घोषवाक्यच स्वतःचे कायदे स्वतः करण्याचे होते, तिच्या पुरस्कर्त्यांना ही अट मानवणारी नव्हती. बोरिस जॉन्सन यांच्या मंत्रिमंडळातील वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्स यांनी मार्च २०२० मध्ये, संक्रमणाची मुदत संपताच ब्रिटन या संस्थेतूनही बाहेर पडेल, असे जाहीर केले. विमानउद्योगातील अनेकांनी ते नाराजीने ऐकले. परंतु निर्णय सार्वभौम संसदेच्या बहुमताने आलेल्या सरकारचा होता, आणि तो अमलात आणण्यासाठी हातात केवळ नऊ महिने होते.

कायद्याची सोय त्यापूर्वीच झालेली होती, आणि ती १९४७ च्या अठराव्या कलमाचीच सख्खी बहीण शोभावी अशी होती. महासंघातून बाहेर पडण्याबाबतच्या २०१८ च्या कायद्याने, संक्रमणाची मुदत संपण्याच्या क्षणी ब्रिटनमध्ये लागू असलेला युरोपीय कायदा जसाच्या तसा ब्रिटिश कायदा म्हणून राखून ठेवला. तथापि नुसते राखून भागणार नव्हते, कारण मजकुरात जागोजाग ‘संस्था’ म्हणजे कोलोनची संस्था, ‘आयोग’ म्हणजे ब्रसेल्सचा आयोग आणि ‘सदस्य-राष्ट्र’ असे उल्लेख होते. म्हणून २०१९ मध्ये विमानसुरक्षेपुरते वेगळे दुरुस्तीनियम काढून, कलमामागून कलम, कोलोनच्या जागी सीएए, ब्रसेल्सच्या जागी ब्रिटनचे मंत्री, असे शब्द घालण्यात आले. काम रटाळ दिसते, पण त्यात फार मोठी जोखीम भरलेली होती. एखाद्या कलमातील अधिकार कोणाकडे गेला हे लिहायचे राहून गेले, तर दुसऱ्या दिवशी तो अधिकार कोणाचाच नसतो, आणि ज्या दोषाबद्दल विमाने तातडीने जमिनीवर उतरवायला हवीत, त्याबद्दल हुकूम काढणारे कोणीच उरत नाही. ब्रिटनने येथे सुज्ञपणे नियमांचा आशय न बदलता केवळ अधिकाऱ्यांची नावे बदलली. आजही ब्रिटिश नियमांच्या नावांत युरोपीय क्रमांक आहेत. उड्डाणयोग्यतेच्या मूळ नियमाला तेथे अद्याप ७४८/२०१२ याच क्रमांकाने ओळखतात.

कायदा असा एका बाजूने उतरवून घेता आला. मान्यता मात्र एका बाजूने मिळत नाही. ब्रिटनने युरोपीय परवाने व दाखले दोन वर्षे, म्हणजे ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत, आपल्याकडे चालतील असे जाहीर केले. महासंघाने तसे केले नाही. २४ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे मुदत संपायला आठवडाच उरला असताना उभयपक्षी जो व्यापार व सहकार्याचा तहनामा ठरला, त्यात विमानसुरक्षेचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. पण ते मुख्यत्वे विमाने, इंजिने व सुटे भाग यांच्या आराखड्यापुरते आणि उत्पादनापुरते आहे. दुरुस्तीच्या कारखान्यांची आणि माणसांच्या परवान्यांची परस्परमान्यता त्यात नाही. युरोपात उतरण्यासाठी ब्रिटिश विमानकंपन्यांना यापुढे परक्या देशांतील कंपन्यांप्रमाणे इआसाची परवानगी काढावी लागली, आणि अमेरिका, कॅनडा, ब्राझील, जपान यांच्याशीही ब्रिटनला आपल्या नावाने व्यवस्था लावून घ्यावी लागली.

याचा भार सर्वप्रथम माणसांवर पडला. शिकागो कराराप्रमाणे वैमानिकाचा परवाना, विमान ज्या राष्ट्राच्या नोंदवहीत आहे, त्या राष्ट्राने दिलेला अथवा मान्य केलेला असावा लागतो. म्हणजे विमानाच्या अंगावरील ती अक्षरेच अखेर निकाल देतात. ब्रिटिश परवान्याचा वैमानिक ‘जी’ अक्षराच्या ब्रिटिश विमानात बसून पॅरिसला जाऊ शकत होता, तेथे त्याला अडवणारे कोणी नव्हते. पण त्याच पद्धतीचे, त्याच कारखान्याचे, शेजारच्या फाटकाशी उभे असलेले ‘ओई’ अक्षरांचे ऑस्ट्रियन विमान चालवण्याचा त्याचा अधिकार एका मध्यरात्रीत संपला. ईझीजेट या ब्रिटिश कंपनीने धोरण ओळखून २०१७ मध्येच व्हिएन्नात एक भगिनी कंपनी स्थापन केली होती आणि युरोपातील सेवांसाठी आपली अनेक विमाने ब्रिटिश नोंदवहीतून ऑस्ट्रियाच्या नोंदवहीत नेली होती. पत्र्यावरचा ‘जी’ खरवडून तेथे ‘ओई’ रंगवण्यात आले. अशा विमानांवरील वैमानिकांनी मुदतीपूर्वीच आपला परवाना आणि वैद्यकीय दप्तर एखाद्या युरोपीय देशाकडे वर्ग करून घेतले. ज्यांनी तसे केले नाही, त्यांना युरोपीय परवाना हवा असल्यास पुन्हा सिद्धांताच्या परीक्षांना बसण्याची पाळी आली, मग गाठी हजारो तासांच्या उड्डाणाचा अनुभव का असेना. देखभाल करणाऱ्या इंजिनीअरांचीही तीच गत झाली. युरोपीय नोंदणीच्या विमानाच्या दुरुस्तीवर केलेली ब्रिटिश परवान्याची सही १ जानेवारीपासून ग्राह्य राहिली नाही. इंग्लंडात डर्बीला इंजिने बनवणाऱ्या रोल्स-रॉइस कंपनीने तर मोठ्या जेट इंजिनांच्या आराखड्यांची मंजुरीच आधीपासून आपल्या जर्मन उपकंपनीकडे नेऊन ठेवली. कारखाना डर्बीत राहिला, पण इंजिनाचा जबाबदार धनी कागदोपत्री जर्मनीत गेला.

येथवरच्या गोष्टी खर्चाच्या आणि गैरसोयीच्या होत्या. एका बाबतीत मात्र सुरक्षिततेचे एक साधनच हातचे गेले. युरोपात ‘इग्नोस’ नावाची एक उपग्रहव्यवस्था आहे. जीपीएसने सांगितलेल्या जागेत काही मीटरांची चूक असते. जमिनीवरील केंद्रे ती चूक मोजतात, आणि स्थिर उपग्रहांमार्फत तिची दुरुस्ती विमानाला कळवली जाते. संदेशात बिघाड झाल्यास काही सेकंदांतच इशारा मिळतो, हे या व्यवस्थेचे खरे मोल. त्यामुळे ज्या लहान विमानतळावर महागडी उतरण-यंत्रणा बसवणे परवडत नाही, तेथेही ढग खाली आलेले असताना वैमानिकाला धावपट्टीपासून दोन-अडीचशे फुटांच्या उंचीपर्यंत विश्वासाने खाली येता येते. एरवी त्याला पुष्कळ वरूनच परत फिरावे लागते. विमानांसाठी ही सेवा २ मार्च २०११ पासून उपलब्ध होती. २५ जून २०२१ रोजी ब्रिटनमधील विमानांसाठी ती संपली. उपग्रह जागचा हलला नाही; त्याचा संदेश पूर्वीप्रमाणेच स्कॉटलंडच्या बेटांवर आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पडत राहिला, आणि विमानातील यंत्र तो आजही ऐकू शकते. परंतु ‘हा संदेश बिनचूक आहे आणि तो चुकल्यास तुम्हांला कळवण्यास आम्ही बांधलेले आहोत’ असे लिहून देणारा करार उरला नाही. आणि ज्या संदेशाला कोणी जामीन नाही, त्याच्या भरवशावर ढगातून प्रवाशांना खाली आणणे हा गुन्हा ठरतो. या एका उदाहरणात साऱ्या विषयाचे सार आहे. आकाशात उपयोगी पडते ते यंत्र नव्हे, यंत्रामागची जबाबदारी. भारताने स्वतःची ‘गगन’ ही अशीच व्यवस्था उभारली असून, २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगढ येथे एक प्रवासी विमान तिच्या साहाय्याने उतरले. त्या दिवशी यंत्र यशस्वी झाले याहून, त्याच्या मागे जामीन राहणारी संस्था आपली स्वतःची होती, हे अधिक महत्त्वाचे होते.

येथे एक आक्षेप विचारात घेणे न्याय्य होईल. प्रत्येक राष्ट्राने पुन्हा पुन्हा तेच तपासणे ही उधळपट्टी नव्हे काय, एकाने तपासले की सर्वांनी मानावे हेच शहाणपणाचे नव्हे काय, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे, पण पुरे तथ्य नाही. बोइंगच्या ७३७ मॅक्स या विमानाला अमेरिकेच्या खात्याने मंजुरी दिली, आणि जगाने त्या मंजुरीवर विश्वास ठेवला. तपासणीचे पुष्कळसे काम ते खाते कंपनीच्याच माणसांवर सोपवीत होते. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात १८९ आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात १५७ माणसे या विमानांत मेली. त्यानंतर युरोपीय संस्थेने अमेरिकेच्या शब्दावर न विसंबता स्वतः परीक्षा केली, आणि २७ जानेवारी २०२१ रोजी ते विमान पुन्हा उडवण्यास परवानगी दिली. ब्रिटनच्या सीएएने त्याच दिवशी आपली बंदी उठवली; स्वतंत्र होऊन तिला अद्याप एक महिनाही झाला नव्हता. विश्वास हा डोळे मिटून ठेवायचा नसतो, हे या दोन अपघातांनी शिकवले. दुसऱ्याची सही मानणाऱ्याला ती सही तपासण्याची ताकद स्वतःच्या अंगी असावीच लागते. ती नसेल तर मानणे हे विश्वासाचे न राहता केवळ लाचारीचे होते.

ही ताकद माणसांत असते. धातूची थकावट जाणणारा, उड्डाण-नियंत्रणाची संगणकप्रणाली वाचून तिच्यातील धोका ओळखणारा, चाचणी-उड्डाणावर जाऊन वैमानिकाच्या हातांना काय जाणवते ते टिपणारा तपासनीस हुकमाने एका रात्रीत निर्माण होत नाही. कोलोनला गेलेले काम परत आले तेव्हा ते करणारी माणसे नव्याने भरती करणे, शिकवणे आणि अनुभवी करणे हे सीएएपुढचे सर्वांत अवघड काम ठरले. तिने त्यात शहाणपण दाखवले, हे मान्य केले पाहिजे. विजेवर चालणारी, उभी चढणारी-उतरणारी नवी विमाने ब्रिस्टलसारख्या ठिकाणी आकारास येऊ लागली, तेव्हा त्यांच्या परीक्षेसाठी सीएएने केवळ वेगळेपणाच्या हौसेने निराळे निकष न रचता, युरोपीय संस्थेने तयार केलेलेच विशेष निकष २०२२ मध्ये पायाभूत म्हणून स्वीकारले. स्वातंत्र्य मिळाल्यावर शेजाऱ्याचा चांगला नियम ठेवून घेणे हे कमीपणाचे नाही, असा निवाडा तेथील तज्ज्ञांनी राजकारणाच्या गदारोळातही दिला.

एकंदर हिशेब असा मांडता येतो. सुरक्षिततेत खंड पडला नाही, कारण नियम न बदलता उचलून घेतले गेले आणि मान्यतेला दोन वर्षांची मुदत दिली गेली. त्याची किंमत मात्र दुहेरी दप्तर, दुहेरी परीक्षा आणि दुहेरी शुल्क या रूपाने उद्योगाला आणि माणसांना भरावी लागली, व ती अजून भरली जात आहे. ती झळ आपल्यापर्यंतही येते. युरोपीय आणि ब्रिटिश अशा दोन्ही नोंदणीच्या विमानांचे काम घेऊ इच्छिणाऱ्या भारतीय दुरुस्ती-कारखान्याला पूर्वी जेथे एक मंजुरी पुरत होती, तेथे आता दोन मंजुऱ्या आणि दोन वेगळे तपासनीस आहेत. महासंघात राहावे की बाहेर पडावे, हा ब्रिटिश जनतेचा प्रश्न होता आणि तो तिने सोडवला. त्यावर येथून निकाल देण्याचा आपल्याला अधिकार नाही. परंतु सत्ता सामायिक केली तरी कौशल्य घरी राखून ठेवावे, आणि सत्ता परत घेतली तरी विश्वास शेजाऱ्याकडे राखून ठेवावा, हे दोन धडे कोणत्याही राष्ट्राने घ्यावेत असे आहेत.

आपल्या देशात १९३४ चा तो कायदा आता निवृत्त झाला असून, भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला आहे. साम्राज्य गेले, फाळणी झाली, कायदा बदलला. ‘व्हीटी’ ही अक्षरे मात्र आपल्या विमानांवर आहेत तशीच आहेत, आणि त्यांच्यामागची हमी आता सर्वस्वी आपली आहे. ही हमी संसदेतील कायद्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, विमानखात्यातील त्या मोजक्या तपासनिसांवर उभी असते, ज्यांना रात्री देखभालगृहात जाऊन एका झडपेचा कागद नामंजूर करण्याइतके ज्ञान, अधिकार आणि निर्भयता असते. तेव्हा वाचकांना एवढीच विनंती आहे की, नवी विमाने आली, नवा विमानतळ झाला, या बातम्या आपण जितक्या आवडीने वाचतो, तितक्याच काळजीने या तपासनिसांच्या रिकाम्या जागा, त्यांचे शिक्षण आणि त्यांचे स्वातंत्र्य यांविषयीची, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आलेली चार ओळींची बातमीही वाचावी, आणि आपल्या लोकप्रतिनिधीला तिच्याबद्दल जाब विचारावा.